शब्दचर्चा: 'पोस्ट-रॉक' आणि 'कल्ट'ला मराठीत काय म्हणावं?

स्लिंट या अमेरिकन बँडवर मराठीत चार ओळी लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडकलो: 'स्लिंट हा कल्ट पोस्ट-रॉक बँड.' यात मराठी काय, तर एक 'हा'! 'साठोत्तरी', 'स्वातंत्र्योत्तर' यांच्या चालीवर 'रॉकोत्तर' चालेल का? आणि 'कल्ट', म्हणजे मोजक्याच पण कट्टर चाहत्यांचा, त्यासाठी 'पंथ'?

प्रतिसाद १
'रॉकोत्तर' कानाला बरा लागतो, पण त्यात नुसता काळ येतो, जणू रॉक आटोपलं आणि मग हे सुरू झालं. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ मध्ये 'पोस्ट-रॉक' हा शब्द रुळवला तेव्हा त्याचा रोख वेगळा होता. वाद्यं रॉकचीच, पण काम रॉकचं नाही. गिटार वाजवायची ती नादाच्या पोतासाठी. मग 'शिक्षकेतर'सारखं 'रॉकेतर' का नको?

प्रतिसाद २
रॉकेतर म्हणजे रॉक सोडून सगळं. त्यात लावणीही आली आणि भजनी मंडळही. शिवाय डोळ्यांपुढे कर्मचाऱ्यांचा मोर्चा येतो तो वेगळाच.

आणि स्लिंटच्या बाबतीत तर बारसं फार उशिरा झालं. त्यांचा 'स्पायडरलँड' हा अल्बम निघाला १९९१ मध्ये, शब्द रुळायच्या तीन वर्षं आधी. केंटकीतल्या लुइव्हिल गावची चार तरुण पोरं, सहा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. गायक ब्रायन मॅकमेहन बराच वेळ गातच नाही. शेजारी बसून गोष्ट सांगावी तसा हळू बोलतो. गिटारी दबा धरून असतात, आणि मग एकदम अंगावर येतात. पुढे ग्लासगोच्या मोगवाईसारख्या बँडनी हा दबा आणि ही झेप उचलली. 'पोस्ट-रॉक' तसाच ठेवा. 'टेबल' ठेवलंच ना आपण?

'पंथ' मात्र नको. पंथाला गुरू लागतो, दीक्षा लागते. इथे रेकॉर्ड दुकानात यायच्या आत बँड मोडलेला, गंडा बांधणार कोण? जे शिकले ते एकलव्यासारखे, रेकॉर्ड समोर ठेवून. मी 'दर्दी लोकांचा बँड' म्हणेन.

प्रतिसाद ३
दर्दी माणूस दाद देतो आणि घरी जातो. 'स्पायडरलँड'च्या कव्हरवरची ती चार डोकी खाणीच्या पाण्यात मानेपर्यंत बुडालेली आहेत ना, ती खाण नकाशावर शोधत बसतो त्याला दर्दी म्हणत नाहीत. तेवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, या एका रेकॉर्डच्या जन्मकथेवर माहितीपट निघाला, तो नुसत्या दर्दीपणातून नव्हे. आपल्याकडे नाटकवेडे, क्रिकेटवेडे असतात. तसे हे स्लिंटवेडे.

मूळ विचारणारा
पटलं. 'कल्ट' काढला. वाक्य आता असं: 'पोस्ट-रॉक हा शब्द रुळायच्या आधीच स्लिंट मोडला, स्लिंटवेडे मात्र वाढतच राहिले.'

दुसऱ्या वाक्यात 'रिफ' आलाय. कुणी जागं आहे का?