‘शाळेआधी बाळाला यायलाच हव्यात अशा २१ गोष्टी’: उत्तर देते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या

नोव्हेंबरची_आई

परवा इथे बालवर्ग_ताईंनी यादी टाकली. नर्सरीत जाण्याआधी मुलाला यायलाच हव्यात अशा २१ गोष्टी. खाली सगळ्यांनी हात जोडले, ‘सेव्ह केलं ताई’ झालं. मी गप्प बसले होते. पण काल तीच यादी सासरच्या ग्रुपवर फिरत आली आणि नणंदबाईंनी खाली ‘वाच गं’ एवढंच लिहिलं. आता गप्प बसवत नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: पूर्ण नाव, बाबांचा मोबाइल नंबर, १ ते २०, ए टू झेड, सात रंग, पेन्सिल तीन बोटांत, वीस मिनिटं एका जागी बसणं, डायपर बंद, आणि स्वतःच्या हातानं न सांडता जेवणं. न सांडता! माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. आमटीभात न सांडता जेवलेले मी अजून पाहिले नाहीत, आणि त्यांचं कुठेच काही अडलेलं नाही.

माझा मुलगा १८ नोव्हेंबरचा. आपल्याकडे ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असले की नर्सरी. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा तो दोन वर्षं सात महिन्यांचा. त्याच वर्गात समोरच्या विंगमधली त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेली मुलगी. ती त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठी. म्हणजे माझ्या लेकाच्या उभ्या आयुष्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं. ती गणपती स्तोत्र म्हणते. हा ‘बाप्पा पॉपॉ’ म्हणतो. आणि यादी दोघांना एकच.

माझ्या मते तीनच गोष्टी पुरतात. आई जाते आणि परत येते हे कळणं. शू आली ते सांगता येणं. आपला डबा उघडता येणं. बाकीचं शिकवायला तर शाळा आहे ना? की फी फक्त गणवेशाची घेतात?

बालवर्ग_ताई

यादी माझी, तेव्हा उत्तर मीच देते. सांगलीत १९ वर्षं बालवर्ग चालवते आहे. २४ मुलं, मी आणि एक मावशी. पहिल्या सोमवारी त्यातली निम्मी रडतात, तिघं दाराकडे पळतात, एकजण बूट काढून फेकतो आणि दोघांची शी होते. हे सगळं एकाच वेळी. तुमचं एक आहे, आमची चोवीस.

न सांडता ही चूक झाली, मान्य. ‘कमी सांडून’ वाचा. बाकी एक ओळ मागे घेत नाही.

निवृत्त_नाना

डायपरचा मुद्दा अगदी योग्य. आमच्या वेळी मूल दीड वर्षाचं झालं की घरात ओलं करत नसे. सुती लंगोट, वेळेवर मोरीत बसवणं, तोंडानं ‘शूऽऽ’ करणं. चार मुलं वाढवली, एकालाही हे प्लास्टिक लावलं नाही. आता तीन-तीन वर्षांचे घोडे डायपर घालून मॉलमध्ये हिंडतात. आळस, दुसरं काही नाही.

रंकाळ्याची_सून

नाना, एकच विचारते. ते लंगोट धुवत कोण होतं?

निवृत्त_नाना

प्रश्न शिस्तीचा आहे, धुण्याचा नाही.

रंकाळ्याची_सून

म्हणजे काकूच धुवत होत्या. कळालं. ‘चार मुलं वाढवली’ म्हणताना जरा जपून म्हणा की. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत म्हणून माझी आजी चुलीवर दोरी बांधायची. मोरीत बसवून शू करायला दिवसभर घरात कुणीतरी लागतं. माझं बाळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात पाळणाघरात असतं. तिथल्या बाईंकडे नऊ पोरं. त्या कुणाकुणाला धरून बसवणार? आळस म्हणे.

वऱ्हाडी_बाप

काहून भांडून राह्यले बाप्पा. माझ्या पोरानं घरी डायपर सोडला दोन वर्षांतच, अन् शाळेत गेल्यावर पुन्हा चड्डी ओली कराले लागला. कारण ऐका. आम्ही घरी ‘शू’ म्हणतो. शाळा इंग्रजी. मॅडमनं सांगून ठेवलं, ‘वॉशरूम’ म्हणायचं, हात वर करून. पोरगं तीन वर्षांचं. त्याले तो शब्दच येत नव्हता तर हात वर करून म्हणणार काय? रोज दाबून धरे. दोन महिन्यांत डॉक्टरकडे न्यावं लागलं, लघवीत इन्फेक्शन. डॉक्टर म्हणे याले शू अडवायची सवय कुठून लागली. मी काय सांगू, फी भरून लागली?

ठाणे_वेस्ट

हे शाळेचं नाही, तुमचं चुकलं. इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं तर दोन-चार शब्द आधीच शिकवायला नकोत? तयारी म्हणजे हेच.

वऱ्हाडी_बाप

मंग मॅडमले ‘शू’ हा एक शब्द शिकाले काय झालं? त्या पगार घेतात, पोरगं घेत नाही.

रंकाळ्याची_सून

👏👏

ठाणे_वेस्ट

टाळ्या वाजवणं सोपं आहे. माझी मुलगी मराठी शाळेत होती. बालवाडी उत्तम, गाणी, बडबडगीतं, सगळं. तिसरीत शाळेनं सेमी-इंग्रजी सुरू केलं आणि गणितात ती कोलमडली. तेव्हा कुणी ‘शू’वर भाषण द्यायला आलं नाही.

नोव्हेंबरची_आई

धाग्याचा विषय नर्सरी आहे. माध्यमावर वेगळा धागा काढा, प्लीज.

निवृत्त_नाना

माध्यम हाच विषय आहे. आणि डायपर. रंकाळ्याच्या बाईंनी माझ्या घरात डोकवायची गरज नव्हती. सौ. आज हयात नाहीत.

रंकाळ्याची_सून

नाना, माफ करा. माहीत नव्हतं. पण लंगोट त्याच धुवत होत्या हे तुम्ही अजून नाकारलेलं नाही.

म्युनिकहून_मनीषा

इथला अनुभव सांगते, ‘तिकडचं कौतुक’ म्हणून मारू नका. इथे बालवाडीला किटा म्हणतात आणि मूल सोडायची एक ठरलेली पद्धत असते, तिला ‘आइनगेव्ह्योनुंग’ म्हणतात, म्हणजे रुळवणं. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच, कोपऱ्यात बसून. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचं. मूल बाईंकडून शांत झालं तर हळूहळू वेळ वाढवायचा, नाही झालं तर आणखी काही दिवस आत. माझ्या लेकीला साडेतीन आठवडे लागले. आकडे, रंग कुणी विचारले नाहीत. मला मात्र विचारलं की ती झोपताना कुठली चादर धरते. ती चादर त्यांनी मागवून घेतली.

ठाणे_वेस्ट

साडेतीन आठवडे सुट्टी कोण देतं मॅडम? मला लेकीच्या पहिल्या दिवशी हाफ डे मिळाला होता, तोही ‘पोट बिघडलंय’ सांगून.

बालवर्ग_ताई

आणि २४ आया कोपऱ्यात बसवायला माझ्याकडे कोपरे चारच आहेत. त्यात एकीनं स्वतःच्या मुलाचं नाक पुसलं की बाकीच्या तेवीसांना आपापल्या आया आठवतात. केलंय मी हे एक वर्ष, पुन्हा नाही. मुलं तिसऱ्या दिवशी खेळायला लागली. आया पंधराव्या दिवशीही खिडकीतून डोकावत होत्या.

पालघरची_सेविका

मी अंगणवाडीत आहे. तुमची चर्चा वाचून हसू आलं आणि थोडा रागही. बाबांचा मोबाइल नंबर पाठ हवा म्हणता. माझ्याकडच्या निम्म्या घरांत भातलावणीनंतर आईबाप वीटभट्टीला नाहीतर रेती काढायला जातात. मूल कधी आजीकडे, कधी बरोबर. ते पाच वर्षांचं होऊन दारात उभं राहिलं हीच तयारी.

आमच्याच जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. पोरं शाळेत येईनात तेव्हा बायांनी शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. ‘अंगणवाडी’ त्यातूनच आली. पोरांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात होती. आधी नाक पुसून ये मग घेतो, असं कुणी म्हटलं नाही.

आणि घरच्यांची तयारी म्हणाल तर तीही होते. पहिलीत जाणाऱ्यांसाठी ‘पहिले पाऊल’चा मेळावा असतो, सात टेबलं मांडतो. उडी मारणं, चित्र बघून गोष्ट सांगणं, खडे मोजणं. आईला हातात कार्ड देतो आणि मातांचे गट करून देतो. त्यात कांदे लहान-मोठे वेगळे कर, भाकरी किती झाल्या मोज, असलं असतं. एक बाई मला म्हणाली, हे तर मी रोजच करते, याला शिक्षण म्हणतात होय? तिला शाळेची इतकी भीती होती की मुलाचा दाखला घ्यायलाही नवऱ्याला पाठवायची. त्या दिवसापासून स्वतः येते.

वऱ्हाडी_बाप

ताई, हे एक नंबर सांगितलं.

ठाणे_वेस्ट

ठीक आहे, पण शहरात परिस्थिती वेगळी. इथे प्रवेशालाच मुलाला ‘गप्पा मारायला’ आत बोलावतात.

नोव्हेंबरची_आई

त्याला मुलाखत म्हणतात, आणि पूर्वप्राथमिकच्या प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घ्यायला राज्यात १९९६ च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून तर ‘गप्पा’. आमच्याही झाल्या. बाईंनी सफरचंद दाखवून विचारलं, हे काय? माझा म्हणाला, ‘काप.’ म्हणजे कापून दे. मला तर यात पूर्ण वाक्य दिसलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

आणि बालवर्ग_ताई, तुमच्यावर राग नाही. पण ए टू झेड त्या यादीत का आहे, तेवढं खरं सांगा.

बालवर्ग_ताई

खरं सांगू? ते नसेल तर पालक यादीच वाचत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी फक्त ‘चप्पल घालता येणं, हात धुणं, डबा उघडणं’ असं लिहून दिलं होतं. एक बाबा म्हणाले, मॅडम, अभ्यासक्रम काय आहे? त्यांनी मूल काढून समोरच्या गल्लीत घातलं, तिथे नर्सरीला चार रेघी वही आहे. मलाही भाडं भरायचंय.

काढते ए टू झेड. १ ते २० पण काढते. डायपर काढणार नाही. मावशीला वर्षाकाठी पाचशे वाढवताना मला घाम फुटतो, तिला आणखी काम सांगवत नाही.

नोव्हेंबरची_आई

हे मात्र पटलं. मावशीसाठी मी लेकाला मोरीत बसवते. नाना, ‘शूऽऽ’ करून बघितलं आज. मलाच लागली.

निवृत्त_नाना

सवय लागेल. सात-आठ दिवस धरा. दर दीड तासानं, आणि झोपेतून उठल्या उठल्या.

(लंगोट सौ. धुवत असत. मी वाळत घालत असे. कधीकधी.)

रंकाळ्याची_सून

🙏

निवृत्त_नाना

डब्याचं एक राहिलं. काल सूनबाईंनी नातवासाठी नवा डबा आणला, चारी बाजूंनी कड्या लागणारा. त्याला उघडेना. मी प्रयत्न केला, मलाही उघडेना. शेवटी चमच्याच्या दांड्यानं एक कडी उचलली तर ती तुटलीच. हल्ली पोरांच्या हाताला येईल असा डबा कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का?

पालघरची_सेविका

साधा स्टीलचा घ्या, वर झाकण दाबायचा. आणि दुकानात नातवालाच उघडायला सांगा, तुम्ही नको.