मोठेपणी एडीएचडी आणि कोचिंग: तुमचं काय झालं, लिहा

देवगड (धागा मी काढतोय, म्हणून आधी माझं)
वय ४३, एडीएचडीचं (लक्ष एका जागी टिकत नाही, कामं अर्धवट राहतात, ते) निदान गेल्या वर्षी. डॉक्टरांनी गोळी दिली आणि जोडीला कोच बघा म्हणाले, म्हणजे रोजची कामं कशी पार पाडायची त्यात मदत करणारं माणूस. आई म्हणाली, "ह्या वयात कोचिंग क्लास?" मलाही वाटलेलं, कुणीतरी टाइमटेबल करून देईल. टाइमटेबलं माझ्याकडे नववीपासूनची पडली आहेत.

पहिल्या दिवशी कोच बाईंनी एवढंच विचारलं, "काल आंब्याच्या पेट्या पाठवायच्या होत्या ना? सकाळपासून काय काय झालं?" पाऊण तास त्या एका सकाळीवर गेला. सुतळी आणायला मांगरात गेलो, तिथे फवारणीचा पंप दिसला, त्याचा नोझल सोडवत बसलो, मग फोन आला. अकराला आठवलं की गाडी साडेअकराला आहे. पेट्या भरलेल्या, पण कुठली कुणाची ते खिशातल्या चिठ्ठीवर, आणि शर्ट बादलीत भिजत पडलेला. ठरलं ते इतकंच: रिकाम्या पेटीवर आधी नाव-पत्ता चिकटवायचा, मग गवत, मग आंबे. यंदा एकच पेटी चुकली, तीही मेहुण्याची.

महिन्याची फी म्हणजे माझ्या दोन पेट्या. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, मध्ये एखादा मेसेज, "झालं का?" नाही झालं तर ओरडत नाहीत, कुठे अडलं ते विचारतात. ह्याचीच सवय व्हायला वेळ लागला.

चिपळूण
मुलाच्या तपासणीत डॉक्टर लक्षणं विचारत होते आणि मी गप्प होत गेले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "हे सगळं माझंच आहे." मोठ्यांचं निदान करतानाही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, ते बघतात. माझी प्रगतिपुस्तकं जुलै २०२१ च्या पुरात गेली, मग आईलाच फोनवर घेतलं. ती म्हणाली, "एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्यान हिने." डॉक्टर हसले, पण लिहून घेतलं.

कोचनी सुचवलेलं एकच टिकलं. दुसऱ्या शाळेतली मैत्रीण आणि मी रात्री नऊला व्हिडिओ लावतो, आवाज बंद. ती तिचे पेपर तपासते, मी माझे. सासूबाईंना अजून कळलेलं नाही की आम्ही बोलत का नाही. पण गठ्ठा संपतो.

मालवण
माझी तक्रार आहे. कोचने बारा सेशनचे पैसे आगाऊ घेतले, तिसऱ्यालाच सांगितलं, गोळ्या हळूहळू सोडा, मनाला वळण लावू. मी सोडल्या. पंधरा दिवसांत होमस्टेच्या एकाच खोलीचं बुकिंग दोन कुटुंबांना दिलं, दोघंही सामानासकट खळ्यात उभी. बायको म्हणाली, "गोळये बंद करूक तुका सांगल्यान कोणी?" डॉक्टरही तेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत. कोच निदान करू शकत नाही, औषध देऊ किंवा थांबवू शकत नाही. ह्या धंद्याला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावतो. कुठे शिकलात, किती मोठ्या माणसांबरोबर काम केलंत, हे विचारा. आणि पैसे महिन्याचे महिन्याला द्या. माझे परत मिळाले नाहीत.

हर्णै
समुद्रात मी एकदम ठीक. जाळं, बर्फ, वारा, डोकं दहा ठिकाणी लागतं आणि माझं तसंही दहा ठिकाणी असतं. गोची जमिनीवर, म्हणजे परवाना, विमा, डिझेलचा हिशेब. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तर दिवसाला आकारच राहत नाही.

कोच शहरातला. म्हणाला, रोज सकाळी सातला कागद घेऊन बसा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, माझा सात कुठला? त्याला तिथी-भरतीचं गणित सांगितलं, त्याने वहीत उतरवून घेतलं, तेव्हा कुठे तो मला पटला. आता घड्याळ नाही. होडी लागली की चहाच्या आधी बिलं डब्यात. बंदीच्या महिन्यांत मात्र आठवड्याला दोन कॉल लागतात.

गुहागर
मला नाही जमलं. चौथ्या सेशनला कोचच म्हणाल्या, तुम्हाला झोप नाही, रडू येतं, आधी डॉक्टरांकडे परत जा. नैराश्य निघालं. पुढच्या सेशनचे पैसे घेतले नाहीत त्यांनी.

रत्नागिरी
ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी. मी सरकारी ओपीडीत दाखवतो. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. ते कोचिंग नव्हे, पण कुठे जायचं ते विचारता येतं. बाकी माझा कोच म्हणजे दूधवाला. तो आला की मी अंगणात यायचं आणि आजचं एक काम त्याला मोठ्याने सांगायचं. दुसऱ्या दिवशी तो विचारतो. विसरत नाही मेला.

चिपळूण (पुन्हा)
एक विचारायचं राहिलं. गणपतीत सेशन कोण चालू ठेवतं? माझ्याकडे मुंबईहून १९ माणसं येतात आणि दार बंद करता येईल अशी खोलीच उरत नाही.

देवगड
मी गाडीत बसून करतो. रेंजसाठी तसंही सड्यावर जावं लागतं.