न वापरलेले सीएसएस नियम काढताना कव्हरेजवर कितपत विसंबावे?

प्रश्न (पेडणे)
येथील एका अतिथिगृहाचे संकेतस्थळ माझ्याकडे सांभाळायला आले आहे. आधीच्या तिघांनी आपापल्या परीने भर घातल्यामुळे त्याची स्टाइलशीट (पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांची फाइल) सुमारे ३०० केबीची झाली आहे. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधील (विकसकांच्या साधनांमधील) कव्हरेज हे साधन मुखपृष्ठावर त्यातील ८० टक्के भाग तांबडा, म्हणजे न वापरलेला, दाखवते. तेवढा सगळा भाग काढून टाकला तर चालेल का?

उत्तर (म्हापसा)
चालणार नाही. नोंद सुरू असताना त्या पानावर कोणते नियम लागू झाले, एवढेच कव्हरेज सांगते. त्यामुळे आरक्षणाच्या अर्जातील चुकीचा इशारा, मोबाइलवरचा मेनू आणि छपाईसाठीचे नियम वापरात असूनही तांबडेच दिसतात. प्रत्येक पानाची वेगळी नोंद घ्या, अर्ज मुद्दाम चुकीचा भरा, खिडकी अरुंद करून पाहा. त्यानंतर पर्जसीएसएस हे न वापरलेले नियम काढणारे साधन चालवा. ते टेम्प्लेट (पानांचे साचे) आणि स्क्रिप्टच्या फाइलींमधील शब्द वाचून ते सिलेक्टरच्या, म्हणजे नियम कोणत्या घटकांना लागू हे सांगणाऱ्या भागाच्या, नावांशी ताडून पाहते. मात्र ‘खोली-’ला स्थिती जोडून स्क्रिप्ट जी नावे ऐनवेळी तयार करते, ती पूर्ण स्वरूपात कुठेच लिहिलेली नसल्याने त्याला सापडत नाहीत; ती सेफलिस्टमध्ये (न काढायच्या नावांच्या यादीत) घालावी लागतात.

उत्तर (फोंडा)
यात माझ्या फजितीची भर घालतो. मे महिन्यात मी अशीच साफसफाई केली, सगळी पाने तपासली आणि निश्चिंत झालो. चवथीला मालकांनी सणाची पट्टी सुरू केली, तर ती उघडीबोडकी दिसू लागली. पट्टीचा मजकूर डेटाबेसमधून येत होता, आणि पर्जसीएसएस आपण दाखवलेल्या फाइलींपलीकडे पाहत नाही.

तेव्हापासून संशयित नियम लगेच न काढता त्यात एका पिक्सेलच्या पारदर्शक चित्राची पार्श्वभूमी घालतो, प्रत्येक नियमाला वेगळ्या नावाचे चित्र. नियम एखाद्या दिसणाऱ्या घटकाला लागू झाला, तरच ब्राउझर ते चित्र मागवतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद राहते. ज्या नियमात आधीच पार्श्वभूमी आहे किंवा दुसरा नियम ती बदलतो, तेथे मात्र ही युक्ती फसते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. कव्हरेज बाजूला ठेवून आधी फाइली चाळल्या, तेव्हा कधीच काढून टाकलेल्या एका स्लायडरची स्टाइल अख्खी सापडली. त्याचे नाव एकाही टेम्प्लेटमध्ये, स्क्रिप्टमध्ये किंवा डेटाबेसमध्ये नसल्याने ती वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या स्वतंत्र नोंदीत) काढली. पावसाळी सवलतीच्या पट्टीच्या नियमांना पारदर्शक चित्रे लावली आहेत. पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्यांना हात लावणार नाही.