मोबाईल इन्शुरन्सचा क्लेम नाकारलाय, मदत हवी आहे

बाबांचा फोन ठाणे स्टेशनला लोकलमध्ये चढताना गर्दीत खिशातून मारला. रेल्वे पोलिसांकडे एफआयआर केली, सीईआयआर या चोरीचे फोन बंद करायच्या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक केला, सिम बदललं, सगळं वेळेत झालंय आणि आता इन्शुरन्सवाले म्हणतात की जबरदस्ती झाली नाही म्हणून ही चोरी पॉलिसीत बसत नाही! अहो पण पाकीटमार कधी झटापट करून नेतो का, माणसाला पत्ताच लागत नाही. विकताना दुकानात फक्त 'चोरी कव्हर आहे' सांगितलेलं. पेन्शनमधून घेतला होता हो त्यांनी, फार वाईट वाटतंय. लेखी कारण मागितलं तर नुसता 'क्लेम क्लोज्ड' असा मेसेज. विमा लोकपालकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाण्याआधी कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवस थांबायचं असतं ना, मग हा मेसेज नकार म्हणून चालेल का? कुणी बीमा भरोसा या विमा तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केलीये का, की थेट ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाऊ? प्लीज सांगा.