‘व्होल्टेज ड्रॉप’ला मराठीत ‘घट’ म्हणावे का?

पंचवटीकर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका प्रयोगाचा इंग्रजी मजकूर मराठीत करते आहे. ५ व्होल्ट, १० किलोओहमचा रोध आणि त्याच्याशी एकसर जोडलेला एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा घटक. उजेड वाढला की एलडीआरचा रोध उतरतो आणि त्याच्या टोकांमधला ‘व्होल्टेज ड्रॉप’ कमी होतो. मी लिहिले, ‘विभवाची घट घटते’. त्यात पाठ्यपुस्तकात सेललाही ‘विद्युत घट’च म्हणतात!

ओझरचा फिटर: घट राहू द्या, वाक्यच उलटे आहे. उजेड पडला की व्होल्टेज वाढते. असली सर्किटं मी स्वतः बसवलीत.

सातपूरकर: काका, मीटर कुठे लावला होता? अंधारात एलडीआर २०० किलोओहम धरा. त्याच्यावर सुमारे ४.७६ व्होल्ट, १० किलोओहमवर ०.२४. उजेडात तो १ किलोओहमवर आला की त्याच्यावर ०.४५ उरतात आणि उरलेले ४.५५ दुसऱ्यावर जातात. बेरीज ५ची ५. तुम्ही स्थिर रोधावर मोजले असणार, मॅडम एलडीआरवरचे लिहितायत. मजकुरात ‘कशावरचे’ ते आधी लिहा, शब्द मग बघू.

ओझरचा फिटर: हां, मग ठीक. पण ‘रोध’ कोण म्हणतं हो? दुकानात वस्तूलाही रेझिस्टन्स आणि मापालाही रेझिस्टन्स.

गोदातीर: दुकानदाराने भाषा ठरवायची का? ‘महापौर’ देणारे सावरकर आपल्या भगूरचे, निदान नाशिककरांनी तरी कच खाऊ नये. ड्रॉप म्हणजे पात. ‘विभवपात’ लिहा.

सिडकोवाली: रक्तपात, उल्कापात आणि आता विभवपात! पोरं प्रयोगाला हात लावायची नाहीत. ‘दाब’ का नको? वीजबिलावर ‘लघुदाब’, ‘उच्चदाब’ चालतेच की.

सातपूरकर: ‘दाब’ म्हटले की पोरं विचारणार, एलडीआर कोणी दाबला? खरे तर ड्रॉपला शब्दच नको. ‘एलडीआरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज कमी होते.’ झाले.

लासलगावचा: आमच्याकडे पात म्हटली की कांद्याची. विभवाची पात चिरून घ्या.

गोदातीर: ती पात स्त्रीलिंगी, हा पात पुल्लिंगी. व्याकरण शेतात विसरून आलात का?

लासलगावचा: शेतात व्याकरण नसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या पातीला निदान भाव तरी येतो.

पंचवटीकर: मजकूर उद्या छपाईला जायचा आहे. विभवपात, दाब की नुसते व्होल्टेज?

गोदातीर: सांगतो, पण आधी हे. कांद्याची पात ‘पत्र’वरून, म्हणजे पान. आणि ‘पत्र’ संस्कृतात ‘पत्’ धातूपासूनच साधतात: पडणे, उडणे. तेव्हा दोन्ही पात एकाच घरचे.

सिडकोवाली: मग पातेलेही त्यातलेच?

गोदातीर: नाही. पातेले ‘पात्र’वरून. तिथे धातू ‘पा’, पिणे.

लासलगावचा: पातेल्यातून कोण पितं?

ओझरचा फिटर: सकाळी चहा झाल्यावर आमच्या घरी या, दाखवतो.