केसपेपरवरची 'पेनिसिलीन अ‍ॅलर्जी' खोडायची कोणी?

गोदाकाठ_फार्मा: मध्यम साइझच्या हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. अ‍ॅडमिशनला सिस्टर विचारतात कशाची अ‍ॅलर्जी, नातेवाईक म्हणतो पेनिसिलीनची, की लगेच लाल पेनाने केसपेपरवर लिहिलं, हाताला लाल बँड, विषय संपला. नेमकं काय झालं होतं, कधी झालं होतं, काहीच नोंद नाही. मग ऑपरेशनआधी नेहमीचं अँटिबायोटिक सेफाझोलिन (पेनिसिलीनचं नातलग) सोडून क्लिंडामायसिन नाहीतर व्हॅन्को (व्हॅन्कोमायसिन), आणि सर्जन म्हणतात रिस्क कशाला घ्यायची. परवा एका काकूंच्या फाईलवर हेच, आणि त्यांच्या पिशवीत दातांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, त्यावर ऑगमेंटिन, म्हणजे पेनिसिलीनच! म्हणे काहीच त्रास झाला नव्हता. आता ती नोंद काढायची कोणी?

वॉर्ड_नंबर_चार: सिस्टरला दोष देऊ नका हो, रात्री अ‍ॅडमिशन आली की एकीकडे सलाईन एकीकडे फॉर्म. आम्ही आता "अ‍ॅलर्जी आहे का" एवढंच न विचारता "काय झालं होतं" विचारतो, अर्धे जण सांगतात गोळीने मळमळलं, जुलाब झाले. ती अ‍ॅलर्जी नाहीच, साइड इफेक्टच्या रकान्यात जाते. गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली असं काही असेल तर गोष्ट वेगळी. आणि पेशंटला "पेनिसिलीन" कळत नाही, मॉक्स, ऑगमेंटिन अशी नावं घेऊन विचारा.

एमडी_मेडिसिन: काकूंचं सोपं आहे. ज्या रिअ‍ॅक्शनमुळे लेबल लागलं त्यानंतर ऑगमेंटिन पचली असेल (तारखा तेवढ्या जुळवून बघा) तर ट्रीटिंग डॉक्टरने कारण लिहून, सही-तारीख टाकून नोंद रद्द करायची. बाकीच्यांसाठी पेन-फास्ट स्कोर (पेनिसिलीन अ‍ॅलर्जीची रिस्क मोजायचा) बघा: रिअ‍ॅक्शन 5 वर्षांच्या आतली असेल तर 2, अ‍ॅनाफिलॅक्सिस, सूज किंवा त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर 2, उपचार लागले असतील तर 1. बेरीज 3 पेक्षा कमी म्हणजे लो रिस्क, अशांना निरीक्षणाखाली अमॉक्सिसिलीनचा तोंडावाटे डोस देता येतो, 2023 च्या पॅलेस ट्रायलमध्ये हे स्किन टेस्टच्या तोडीस तोड ठरलं. खरी अ‍ॅलर्जी असली तरी 10 वर्षांत साधारण 80 टक्के लोकांची ओसरते. आणि सेफाझोलिनची साइड चेन (रेणूचा जो भाग बहुतेकदा अ‍ॅलर्जी ओळखते) पेनिसिलीनपेक्षा वेगळी, त्यामुळे बहुतेकांना ते चालतं, उगाच व्हॅन्कोकडे पळायचं कारण नाही.

त्वचा_ओपीडी: एक मिनिट. कातडी सोलवटणं, तोंडात-डोळ्यांत फोड, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा ड्रेससारखी (औषधामुळे पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा) हिस्टरी असेल तर डोस देऊन बघायचा विचारसुद्धा नको, तिथे लेबल कायमचं. आणि आपल्याकडे सरसकट करतात ती अँटिबायोटिकची इंट्राडर्मल टेस्ट (कातडीत थोडं औषध टोचून बघायची) निगेटिव्ह आली म्हणून कोणी अ‍ॅलर्जी खोडू नये, तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

वॉर्ड_नंबर_चार: उलटंही होतं ना. सॉफ्टवेअरमध्ये "पेनिसिलीन" मोकळ्या मजकुरात टाइप केलेलं, आणि पिपटॅझची (तेही पेनिसिलीन गटातलंच) ऑर्डर बिनधास्त पुढे जाते, अलार्म वाजतच नाही. खोक्यावर कुठे पेनिसिलीन लिहिलंय? नोंद औषधांच्या लिस्टमधून निवडूनच करायची सोय आयटीवाल्यांकडून करून घ्या आधी.

गोदाकाठ_फार्मा: हे भारी, पिपटॅझचं उद्याच चेक करतो. काकूंच्या डिस्चार्ज कार्डावरही लिहून देऊ, नाहीतर दुसऱ्या हॉस्पिटलात परत तेच. सर, तोंडावाटे डोसला कन्सेंट वेगळी घेता का नेहमीच्या फॉर्मवरच चालते?

एमडी_मेडिसिन: वेगळी. आणि अ‍ॅड्रेनलिन बेडपाशी, ट्रॉलीत नको.