मदत हवी आहे: एका दिवसात पणजी, सासूबाईंच्या गुडघ्यांसह

आम्ही कुडाळचे. येत्या शनिवारी सकाळी निघून रात्री घरी, असा पणजीचा बेत आहे. सोबत सासूबाई (गुडघे कुरकुरतात, उत्साह दांडगा) आणि आठवीतली लेक. समुद्रकिनारा नको, तो आम्हाला रोजचाच. कॅसिनो तर नकोच. शहर बघायचंय.

प्रत्येकीचं वेगळं आहे. सासूबाई म्हणतात, "माका महालक्ष्मीचा दर्शन झाला म्हणजे बस." लेकीला जुन्या सचिवालयाजवळचा आबे फरियाचा पुतळा बघायचाय. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला जाऊन संमोहनासाठी गाजला. पुतळ्यात तो दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि समोरची बाई मागे कलंडलीय. फोटोतसुद्धा जरा दचकायला होतं. मला फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतलं सेंट सेबॅस्टियनचं चॅपल बघायचंय. तिथला क्रूसावरचा येशू मान न टाकता, उघड्या डोळ्यांनी बघतो. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात (पणजीजवळचं जुन्या चर्चांचं गाव) इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता म्हणतात.

आता अडचण. जुनं गोवं याच दिवसात बसवावं का? बसवलं तर आधी की नंतर? आणि स्वतःची गाडी न्यावी की एसटीने जावं? घरात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर (बांद्याहून):
ताई, गाडी नको. पणजीत ती लावायला जागा शोधण्यातच जीव जातो. एसटीने या. स्टँड पाटोला आहे, खाडीपलीकडे लगेच फोंतेन्हास. म्हणून ते शेवटी ठेवा, बघून झालं की चालत स्टँडवर. खालच्या गल्ल्या बऱ्यापैकी सपाट आहेत, आल्तिनो टेकडीच्या चढाला मात्र लागू नका.

जुनं गोवं बसतं, पण सकाळीच. बॉम जेझूचं बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या अल्याड-पल्याड आहेत, सासूबाईंना फार चालावं लागणार नाही. बाकीच्या चर्चांचा हट्ट सोडा. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, लेकीलाही सांगा. परतताना रायबंदरवरून येणाऱ्या बसमध्ये उजवीकडची खिडकी धरा, मांडवी दिसत राहते. पुढे पणजीपर्यंतचा रस्त्याचा बांध १६३० च्या दशकातला आहे, पोर्तुगीजांनी घातलेला.

पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या नागमोडी आणि पुष्कळ. तुम्ही दोघी चढा, सासूबाईंना समोरच्या बागेत बाकावर बसवा. महालक्ष्मी दादा वैद्य रोडवर, तिथून लांब नाही, तरी रिक्षा करा.

धागाकर्ती:
खूप आभार, एसटीवाल्या तटाला बळ मिळालं! आणखी दोन शंका. महालक्ष्मीचं देऊळ दुपारी बंद असतं का? तसं असेल तर जुन्या गोव्याच्याही आधी दर्शन उरकते. आणि सासूबाई शनिवारी मासे खात नाहीत, तेव्हा चर्चच्या आसपास साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल? बुफे नको, पान वाढणारं हवं.